रांगेत पहिला कोण?

नव्या राजदूतांनी राष्ट्रपती भवनात परिचयपत्रे सादर केल्याची बातमी फोटोसकट छापून येते आणि आपण पान उलटतो. दूतावासांमध्ये मात्र त्या दिवसाच्या तारखेबरोबर वेळेचीही नोंद ठेवली जाते. १९६१च्या व्हिएन्ना कराराचे १६वे कलम सांगते की, राजदूतांची ज्येष्ठता कामाचा ताबा घेतल्याच्या तारखेवर आणि वेळेवर ठरते. वय, देशाचा आकार, लष्कर, तिजोरी यांना इथे कोणी विचारत नाही. जो सर्वात आधी आला आणि अजून टिकून आहे, तो त्या राजधानीतल्या राजदूतांचा ‘डीन’.

हा शहाणपणा सहजासहजी आलेला नाही. १६६१मध्ये लंडनला स्वीडनच्या नव्या राजदूताच्या स्वागताच्या मिरवणुकीत फ्रान्सची बग्गी पुढे की स्पेनची, यावरून भर रस्त्यात मुडदे पडले होते. शेवटी १८१५च्या व्हिएन्ना परिषदेत राजेरजवाड्यांची प्रतवारी बाजूला ठेवून तारखेचा नियम झाला.

त्याचा परिणाम मोठा गमतीचा आहे. महासत्ता आपले राजदूत तीन-चार वर्षांत बदलतात. छोट्या देशांना ते परवडत नाही. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये १९८८ला आलेले जिबूतीचे रोबल ओल्हाये डीन झाले आणि २०१५मध्ये निधन होईपर्यंत त्या मानाने वावरले. त्यांच्यामागून तो मान गेला पलाऊच्या हर्सी क्योटा यांच्याकडे. पलाऊची लोकसंख्या जेमतेम अठरा हजार! आपल्या दिल्लीतही डॉमिनिकन रिपब्लिकचे फ्रँक हान्स डॅननबर्ग कॅस्तेयानोस यांनी बरीच वर्षे हे पद भूषवले. मला ही व्यवस्था मनापासून आवडते.

करारातला अपवाद एकच, पोपच्या दूताचा. अनेक कॅथलिक देशांत तो कालच आलेला असला तरी डीन तोच. १९४४च्या अखेरीस यावरून पॅरिसमध्ये पेच पडला. जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारशी जवळीक ठेवलेला पोपचा दूत फ्रान्सची सूत्रे हाती घेतलेल्या द गॉल यांना नको होता. तो गेला आणि नववर्षाच्या समारंभात सर्व राजदूतांच्या वतीने बोलण्याचा मान सोव्हिएत राजदूत बोगोमोलोव यांच्याकडे जाण्याची वेळ आली. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशा घाईने व्हॅटिकनने अंकाराहून रोंकाली यांना पॅरिसला धाडले. १ जानेवारी १९४५ला त्यांनी परिचयपत्रे दिली आणि त्याच दिवशी शुभेच्छांचे भाषणही केले. हेच रोंकाली पुढे पोप तेविसावे जॉन झाले.

एरवी डीनचे काम म्हणजे शुभेच्छा, निरोपसमारंभ, शोकसंदेश आणि दूतावासांच्या सामायिक कुरबुरी यजमान सरकारच्या कानावर घालणे. आदेश देण्याचा अधिकार शून्य. म्हणूनच हे पद शोभेचे, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते मला पटत नाही.

मे २०१६मध्ये दिल्लीत काँगोच्या एका तरुणाची मारहाणीत हत्या झाली. आफ्रिकी राजदूतांच्या गटाचाही स्वतःचा डीन असतो; तेव्हा ते होते इरिट्रियाचे आलेम त्सेहागे वोल्देमरियम. त्यांच्यामार्फत गटाने ‘आफ्रिका दिना’चा सरकारी सोहळा पुढे ढकलण्याची मागणी केली आणि परराष्ट्र मंत्रालयाची पळापळ झाली. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना स्वतः लक्ष घालावे लागले. पुढच्याच वर्षी ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. या वेळी गटाच्या पत्रकाने त्या हल्ल्यांना थेट वर्णद्वेषी म्हटले आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेकडून चौकशीची मागणी केली. स्वराज यांनी लोकसभेत त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. पत्रक झोंबले ते त्यामागे सगळा खंड उभा होता म्हणून. एकट्या इरिट्रियाने तोच कागद पाठवला असता, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या साउथ ब्लॉकमधल्या कुठल्या फायलीत तो पडून राहिला असता, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.