मुक्या जिवांचा घास



मी कामगार चळवळीतला माणूस. पशुवैद्यकाचे शिक्षण मला नाही. जे कळते ते विचारून आणि वाचून कळलेले आहे. तरीही आजचा विषय मी मागून घेतला, याला दोन शेळ्या कारण झाल्या.

२००९ च्या उन्हाळ्यात एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वस्तीत माझे जाणे-येणे होते. तिथल्या एका कामगाराचा पगार थांबलेला. घरात जे चार पैसे येत ते शेळ्यांच्या दुधाचे. कुणीतरी कुंपणाची छाटणी वस्तीलगत आणून टाकली. दोन दिवसांत ती उन्हाने वाळली. घरातल्या मुलीने फुकटचा पाला मिळाला म्हणून भारा बांधून आणला आणि चाऱ्यात मिसळून घातला. संध्याकाळी एक शेळी गेली, पहाटे दुसरी. डॉक्टरांनी भाऱ्यातली लांबट, चिवट पाने हातात घेतली आणि म्हणाले, “ही कण्हेर.” भारा आणला तेव्हा मी ओट्यावरच बसलो होतो. देवाला कण्हेरीची फुले वाहणारे आम्ही, पण ते पान आमच्यापैकी एकानेही ओळखले नाही.

आपल्याकडे समज असा, की जनावराला विष उपजत कळते. तो अर्धाच खरा आहे. ओली कण्हेर कडू असते, मोकळे गुरू तिला सहसा तोंड लावीत नाही. हमरस्त्यांच्या दुभाजकांवर ती लावतात त्याचे हेही एक कारण. पण पान वाळले, चाऱ्यात मिसळले, की कडूपणा जाणवेनासा होतो. विष मात्र तसेच राहते. शिवाय दावणीला बांधलेल्या भुकेल्या जनावराला निवड कुठली? पुढे पडेल ते त्याने खायचे. कण्हेरीतली द्रव्ये हृदयाच्या स्नायूंतील क्षारांची ने-आण बिघडवतात, ठोके चुकू लागतात आणि हृदय थांबते. मोठ्या गुराला वीसएक पाने पुरतात. शेळीला त्याहून पुष्कळ कमी. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हीसुद्धा याच जातीचे विष बाळगते.

ज्वारीची गोष्ट उलटी. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. गुरे ती खाऊन तडफडतात, त्याला शेतकरी किराळ लागणे म्हणतात. हे विष कडबा नीट वाळल्यावर बरेच उतरते. तेव्हा ‘वाळवले म्हणजे झाले’ हा नियम एका झाडाला लागू पडतो, दुसऱ्याला पडत नाही. झाड ओळखल्यावाचून गत्यंतर नाही.

आता घरातल्या कुत्र्या-मांजरांकडे येऊ. इथे विष बहुधा मायेने दिले जाते. आपल्याला पचते ते त्यालाही पचेल, हा आपला हिशेब. पण प्रत्येक जातीचे यकृत वेगळे. चॉकलेटमधले थिओब्रोमिन माणसाच्या शरीरातून काही तासांत निघते, कुत्र्याच्या शरीरात ते कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. वजनाच्या दर किलोस २० मिलिग्रॅम पोटात गेले की उलटी आणि अस्वस्थता सुरू होते. ६० च्या आसपास झटके येतात. गडद चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम थिओब्रोमिन असते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅमची वडी बाधते.

कांदा आणि लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने हा गुण जात नाही. मांजराला दर किलोस ५ ग्रॅम कांदा पुरे, म्हणजे चार किलोच्या मांजराला एका कांद्याची चतकोर फोड. लक्षणे कित्येकदा दोन-चार दिवसांनी दिसतात, त्यामुळे रश्शाच्या भाताशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. याचे कारण पुष्कळ दिवस सापडत नव्हते. २०२१ साली संशोधकांचा संशय टार्टरिक आम्लावर गेला, आणि २०२२ मध्ये चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच बिघाड नोंदला गेला. चिंचेच्या आमटीचे उरलेले वरपण घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बिनसाखरेच्या च्युइंगमात झायलिटॉल असेल, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते. आणि गुलदस्त्यातली कर्ण्यासारख्या मोठ्या फुलांची लिली घरात असेल, तर मांजराने अंगावरचे पराग चाटणे किंवा फुलदाणीतले पाणी पिणे एवढ्यानेही त्याची मूत्रपिंडे जाऊ शकतात.

प्रसंग ओढवलाच तर काय करावे? मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. मीठच जिवावर बेतते. तेल, ताक, दूध जबरीने घशात ओतू नका. ते फुफ्फुसात उतरते. घास तोंडातून काढा, उरलेले पान अथवा वेष्टन पिशवीत घ्या, किती आणि केव्हा खाल्ले ते लिहून ठेवा आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठा. किराळीवर शिरेतून देण्याची औषधे आहेत, पण ती वेळेत मिळाली तरच उपयोगी.

कारखान्यातल्या प्रत्येक पिंपावर आत काय आहे ते कामगाराला वाचता येईल असे लिहा, ही आमची जुनी मागणी. झाडावर तसे काही लिहिलेले नसते, आणि असते तरी शेळीला वाचता आले नसते. वाचण्याचे काम आपल्याकडेच आहे. ती मुलगी पुष्कळ दिवस स्वतःला दोष देत होती. दोष तिचा नव्हता. तिला कुणी सांगितलेच नव्हते. आता ती संसारी आहे. छाटणीच्या ढिगात कण्हेर दिसली, की ती वेगळी काढून खोल पुरते. जाळीत नाही, कारण धूरही बाधतो. आणि शेजारच्या पोरांना बोलावून आधी ते पान दाखवते.