रायपूरच्या लॉर्डांचा वारस

लेखमाला : वारसाहक्काच्या वाटा – लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण हॅनोव्हरच्या गादीची हकिकत पाहिली. १८३७ मध्ये चौथा विल्यम वारला आणि ब्रिटनचा मुकुट त्याची पुतणी व्हिक्टोरिया हिच्याकडे गेला. हॅनोव्हरचा मुकुट मात्र तिचा काका अर्नेस्ट ऑगस्टस याला मिळाला, कारण त्या घराण्यात पुरुष वारस हयात असताना स्त्रीला गादीवर बसता येत नसे. मुकुट दोन होते, नियम दोन होते आणि प्रत्येक मुकुटाला आपापला नियम लागला. त्यामुळे भांडायला फारशी जागा उरली नाही.

आजचे प्रकरण याहून अवघड आहे. किताब एकच, तोही इंग्लंडचा आणि त्याची सनद इंग्लंडच्या राजाची. पण तो मागणाऱ्या मुलाचे आईवडील बंगालमधले, त्यांचे लग्न हिंदू पद्धतीने लागलेले आणि मुलाचा जन्मही इथल्याच कायद्याखालचा. अशा वेळी ‘औरस पुत्र’ कोणाला म्हणायचे, हे कोणत्या देशाने ठरवायचे? १९३९ मध्ये ब्रिटिश उमरावसभेच्या समितीपुढे हा प्रश्न आला. कायद्याच्या ग्रंथांत तो ‘सिन्हा पीरेज’ या नावाने ओळखला जातो.

सत्येंद्रप्रसन्न सिन्हा यांचा जन्म १८६३ चा. त्यांचे गाव रायपूर, पण छत्तीसगडचे नव्हे, तर बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले, बोलपूरजवळचे. शांतिनिकेतनची मूळ जमीन देवेंद्रनाथ ठाकुरांना मिळाली ती याच रायपूरच्या सिन्हा जमीनदारांकडून. सत्येंद्रप्रसन्न १८८१ मध्ये विलायतेला गेले, १८८६ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि कलकत्त्याच्या हायकोर्टात त्यांनी मोठे नाव मिळवले. १९०९ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कायदामंत्री म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या मंडळात बसणारे ते पहिले भारतीय.

आपल्याकडे त्यांचे नाव निघते ते डिसेंबर १९१५ च्या मुंबई काँग्रेसमुळे. त्या वर्षी फेब्रुवारीत गोखले गेले आणि नोव्हेंबरमध्ये फिरोजशहा मेहता. मवाळांचे दोन आधारस्तंभ कोसळल्यानंतर भरलेल्या त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सिन्हा होते. टिळकांच्या गटाला काँग्रेसमध्ये परतण्याची वाट करून देणारा घटनाबदल याच अधिवेशनात झाला. सिन्हा स्वतः पक्के मवाळ. ब्रिटिश साम्राज्यात राहून पायरीपायरीने स्वराज्य मिळेल यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. आज तो भाबडा वाटतो, पण त्यासाठी त्या माणसाने आयुष्य खर्ची घातले, हे विसरून त्यांच्याकडे पाहणे अन्यायाचे होईल.

पहिले महायुद्ध संपताच भारतमंत्री माँटेग्यू यांना नव्या राजकीय सुधारणांचा कायदा पार्लमेंटमध्ये संमत करून घ्यायचा होता. त्यांनी सिन्हांना आपले उपमंत्री केले. उपमंत्री म्हणून विधेयकाची बाजू उमरावसभेत मांडायची, तर त्या सभेचे सभासद असायला हवे. आणि त्या काळी तिथे जायला एकच राजमार्ग होता, वंशपरंपरेचा किताब. काही वरिष्ठ न्यायाधीश आणि बिशप सोडले, तर हयातीपुरते उमरावपद देण्याची सोय नव्हती. तशी तरतूद करणारा कायदा १९५८ चा. म्हणून फेब्रुवारी १९१९ मध्ये सिन्हा ‘बॅरन सिन्हा ऑफ रायपूर’ झाले. वंशपरंपरेचे ब्रिटिश उमरावपद मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माँटफर्ड सुधारणांचा कायदा झाला आणि उमरावसभेत तो पुढे नेण्याचे काम सिन्हांनी केले.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारला एक वकील हवा होता, एका विधेयकापुरता, फार तर एका कारकिर्दीपुरता. पण दिला गेला तो पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क. बंगाली हिंदू कुटुंबात हा हक्क पुढे कसा उतरणार, याचा विचार सनद लिहिताना कोणी केल्याचे दिसत नाही.

इंग्रज उमरावपदाच्या सनदेत नेहमीची एक अट असते : किताब मूळ धारकाच्या कायदेशीर, औरस पुरुष वंशजांना मिळेल. त्यात थोरला मुलगा पहिला. धाकट्यांना वाटा नाही, मुलींना नाही. बंगालच्या दायभाग पद्धतीत किंवा आपल्याकडच्या मिताक्षरेत भावाभावांत वाटणी व्हायची, तशी किताबाची होत नाही. म्हणजे एकाच बापाच्या पश्चात घरदार, जमीन, रोकड हिंदू कायद्याने सगळ्या मुलांत वाटली जाणार आणि किताब इंग्रजी कायद्याने एकट्या थोरल्याकडे जाणार. बापाच्या मृत्यूच्या क्षणी एकाच घरात दोन देशांचे कायदे एकदम लागू झाले.

मार्च १९२८ मध्ये लॉर्ड सिन्हा वारले. थोरले चिरंजीव अरुणकुमार यांनी उमरावसभेतल्या जागेसाठी हक्क सांगितला. तो सिद्ध करायला चार गोष्टी लागतात : आईबापांचे लग्न झाले होते, ते इंग्लंडच्या कायद्याला मान्य होण्यासारखे होते, आपण त्याच लग्नाचे मूल आहोत आणि आपल्याआधी दुसरा मुलगा जन्मलेला नाही. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवहीतले दोन उतारे काढले की हे काम भागते. बंगालमध्ये १८८० साली झालेल्या हिंदू लग्नाचा दाखला कुठून आणणार? तेव्हा लग्ने देवाब्राह्मणांच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या साक्षीने होत. अशा वेळी राजाकडे अर्ज करावा लागतो, राजा तो ॲटर्नी जनरलकडे पाठवतो आणि शेवटी प्रकरण उमरावसभेच्या विशेषाधिकार समितीपुढे जाते. बाप गेल्यापासून मुलाचा हक्क मान्य होईपर्यंत अकरा वर्षे लोटली.

कागदापेक्षाही मोठी अडचण कायद्याची होती. १८६६ मध्ये ‘हाइड विरुद्ध हाइड’ या खटल्यात इंग्रज न्यायाधीशाने विवाहाची व्याख्या केली होती : एक पुरुष आणि एक स्त्री यांचे आयुष्यभराचे, इतर सर्वांना वगळून झालेले मीलन. तो खटला यूटामधल्या मॉर्मन पद्धतीच्या लग्नाचा होता. पण त्याची सावली हिंदू आणि मुसलमान लग्नांवरही पडली. १८८० च्या हिंदू कायद्यात पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुभा होती. सिन्हांनी दुसरे लग्न कधीच केले नाही. तरीही लग्न लागले त्या दिवशी ते करण्याची मोकळीक कायद्याने त्यांना होती आणि तेवढ्यावरून त्यांचे लग्न ‘बहुपत्नीक होऊ शकणारे’ ठरत होते. न केलेल्या दुसऱ्या लग्नाच्या शक्यतेपायी पहिल्या लग्नाच्या मुलाचा हक्क अडला होता.

यातून सुटका झाली ती ब्राह्मो समाजामुळे. आपल्या वाचकांना प्रार्थना समाज माहीत आहे. १८६४ मध्ये ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन मुंबईला येऊन गेले, त्यांच्या प्रेरणेतून तीन वर्षांनी तो स्थापन झाला. बंगालमधल्या ब्राह्मोंच्या आग्रहातून १८७२ चा विवाह कायदा आला, आणि १८७८ मध्ये त्याच केशवचंद्रांनी आपल्या अल्पवयीन मुलीचे लग्न कुचबिहारच्या राजाशी लावून दिले म्हणून नाराज झालेल्यांनी ‘साधारण ब्राह्मो समाज’ वेगळा काढला. एकपत्नीत्वाचा या मंडळींचा आग्रह कडक होता. विलायतेहून आल्यावर १८८६ मध्ये सत्येंद्रप्रसन्न आणि त्यांच्या पत्नी गोविंदमोहिनी या साधारण ब्राह्मो समाजात दाखल झाले. अरुणकुमारांचा जन्म १८८७ चा.

समितीपुढे निर्णय मांडला लॉर्ड चॅन्सलर मॉम यांनी. कादंबरीकार सॉमरसेट मॉमचे ते थोरले भाऊ. निर्णयाचा पहिला भाग उदार आहे. भारतात कायमचे राहणाऱ्या दोन व्यक्तींनी हिंदू पद्धतीने केलेले लग्न हे लग्नच आहे, त्यातून जन्मलेली मुले औरस आहेत आणि इंग्रज न्यायालयांनी तसे मानले पाहिजे, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १८६६ च्या व्याख्येची सावली त्यामुळे बरीच मागे हटली आणि पुढच्या अनेक निकालांनी या प्रकरणाचा आधार घेतला. इंग्लंडमध्ये जाऊन राहिलेल्या कित्येक भारतीय कुटुंबांना त्याचा उपयोग झाला.

किताबाच्या बाबतीत मात्र समिती सावध झाली. समजा, बायका दोन आहेत. दुसरीचा मुलगा आधी जन्मला, पहिलीचा नंतर. मग किताब कोणाचा? अशा प्रश्नाचे उत्तर काढण्याचे साधन आमच्या वारसा कायद्यात नाही, असे मॉम यांनी सांगितले. सिन्हांच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण मुलाच्या जन्माआधीच आईबाप एकपत्नीत्व बंधनकारक असलेल्या समाजात गेले होते. म्हणजे बहुपत्नीक होऊ शकणारे ते लग्न मुलगा जन्मला तेव्हा एकपत्नीक झालेले होते. अरुणकुमार दुसरे लॉर्ड सिन्हा ठरले. एरवीच्या हिंदू उमरावाच्या मुलाचे काय, हा प्रश्न समितीने उघडाच ठेवला.

मुलाला न्याय मिळाला, याचा आनंद आहे. पण तो मिळण्याचे कारण मला पटत नाही. ‘साधन नाही’ हे म्हणणे खरे नव्हते. लंडनमधली प्रिव्ही कौन्सिल अनेक दशके भारतातल्या अविभाज्य जमीनदाऱ्यांचे आणि राजगाद्यांचे दावे निकाली काढत होती. तिथे अनेक राण्यांची मुले एकमेकांविरुद्ध उभी राहत. आई पहिली की दुसरी हे न पाहता जन्माने जो थोरला तो वारस, हा सर्वसाधारण नियम तिथे बसला होता. वेगळी कुळप्रथा सिद्ध झाली तर ती मानली जाई. प्रिव्ही कौन्सिलमध्ये बसणारे आणि उमरावसभेत न्याय देणारे कायदेपंडित बहुतेक तेच होते. त्यांना उत्तर येत होते. हिंदू कायद्यातले उत्तर इंग्रजी किताबाला लावायची त्यांची तयारी नव्हती. साम्राज्यातल्या प्रजेला समान मानतो असे सांगून उमरावपद द्यायचे आणि त्या प्रजेचा कुटुंबकायदा मात्र दाराबाहेर ठेवायचा, हे विसंगत होते. सिन्हा १८८६ ऐवजी १८८८ मध्ये ब्राह्मो झाले असते किंवा झालेच नसते, तर त्याच आईबापांच्या त्याच मुलाला काय उत्तर मिळाले असते?

आणखी एक बाजू आहे आणि मराठी वाचकाला ती चटकन भिडेल. सिन्हांना मुलगा नसता आणि त्यांनी दत्तक घेतला असता, तर? हिंदू कायद्यात दत्तक हा मुलगाच. त्याला इस्टेट मिळाली असती, पिंडदानाचा अधिकार मिळाला असता. किताब मात्र तिथेच संपला असता, कारण इंग्रज उमरावपद दत्तकाकडे जात नाही, आजही नाही. १८४८ मध्ये साताऱ्याच्या महाराजांचा दत्तक नाकारून डलहौसीने राज्य खालसा केले, पुढे नागपूरचीही तीच गत झाली. १८५७ च्या उठावानंतर संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देऊन सरकारने ते धोरण मागे घेतले. गादीच्या बाबतीत शिकलेला हा धडा किताबाच्या बाबतीत त्यांनी कधी लावला नाही.

आता या प्रश्नाची धार बोथट झाली आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर आली. त्यानंतरच्या हिंदू लग्नाला ‘बहुपत्नीक होऊ शकणारे’ म्हणताच येत नाही. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने तर भारतीय नागरिकाला परकीय राज्याकडून किताब स्वीकारण्याची मनाई केली. वारशाने आपोआप अंगावर येणारा किताब हा ‘स्वीकारला’ असे म्हणायचे का, हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी घोळवावा असा प्रश्न आहे. माझ्या मते तसे म्हणता येणार नाही, कारण स्वीकारायला कोणी तरी देणारा लागतो आणि इथे देणे १९१९ मध्येच पूर्ण झाले होते. दुसरे लॉर्ड सिन्हा १९६७ मध्ये वारले, किताब पुढच्या पिढीकडे गेला. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांचा उमरावसभेत बसण्याचा हक्क काढून घेतला. ज्या जागेसाठी अरुणकुमारांनी अकरा वर्षे वाट पाहिली, ती किताबाबरोबर आपोआप मिळणे तेव्हापासून बंद झाले.

पुढच्या आठवड्यात मुंबईला येऊ. सर जमशेटजी जीजीभॉय यांना १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला. इस्टेट एकीकडे आणि किताब दुसरीकडे असे होऊ नये म्हणून १८६० मध्ये त्यासाठी खास कायदा झाला, आणि जो वारस होईल त्याने स्वतःचे नाव टाकून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यावे असे त्यात ठरले.