गवयाची सुरुवात, दिल्लीचे शेपूट

आलापल्लीच्या सागवनात मित्राच्या ओसरीवर शब्दकोडे रंगले होते. सूत्र त्याने स्वतःच रचलेले: ‘गवयाची सुरुवात, तिला दिल्लीचे शेपूट, साग उदंड. घरे चार.’

मी ‘चंद्रपूर’ म्हणून मोकळा!

‘शेपूट कुठाय?’ तो गरजला.

आलाप अधिक ल्ली. बसलो होतो तेच गाव!

१९१३ साली आर्थर विन यांनी न्यूयॉर्कच्या दैनिकात पहिले शब्दकोडे दिले, त्यात घराला एक सुटे अक्षर. आपले जोडाक्षर मात्र काना-वेलांटीसकट एकाच घरात नांदते. म्हणून अक्षरांची उलथापालथ मराठीत फार अवघड.

‘अवघड कसली? वानराचा नवरा होतो की,’ वहिनी म्हणाल्या, ‘काना तेवढा इकडचा तिकडे!’

‘काना हलवायचा नाही!’

काना मोकळा सोडला तर सोडविणाऱ्याने धरायचे काय? मित्राचेच खरे, पण जेवण वहिनींच्या हातचे होते. मी गप्प राहिलो.