नळाजवळचा साबण

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली. पन्नासाहून अधिक माणसे दगावली. लाखो लोक भयाने शहर सोडून गेले. पुढील वर्षी महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कार्यालयातून रोज रस्त्यावर उतरविले आणि कचरा नेमाने उचलला जाऊ लागला. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसह देशात पहिला क्रमांक मिळविला.

यातून शाळांनी बोध घ्यावा तो हाच की, स्वच्छता केवळ बांधकामाने येत नाही, नित्यक्रमाने येते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये व पिण्याचे पाणी प्रत्येक शाळेस बंधनकारक केले. परंतु शौचालयात पाणी नसेल, दारास कडी नसेल, तर मोठ्या मुली महिन्यातील काही दिवस घरीच राहतात. नळाजवळ साबण नसेल, तर आरोग्याचा धडा कोरडाच राहतो. कारण हातावरील जंतू नुसत्या पाण्याने पुरते निघत नाहीत. म्हणून जेवणापूर्वीची पाच मिनिटे वेळापत्रकातच हात धुण्यास द्यावीत, आणि शिक्षकांनी प्रथम आपले हात धुवावेत. मुले ऐकून शिकतात त्याहून पाहून अधिक शिकतात.