रामवाडीतून डिझाइन सॉफ्टवेअरचा धंदा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेणची रामवाडी बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ती एसटीच्या आगारामुळे, आणि पेण ठाऊक असते ते गणपतीच्या मूर्तींमुळे व पापड-पोह्यांमुळे. त्यामुळे येथल्या एखाद्या तरुणीने 'मी डिझाइनचे सॉफ्टवेअर तयार करून ऑनलाइन विकणार आणि त्यामागची मदतसेवाही येथूनच चालवणार' असे घरात जाहीर केले, तर वडीलधारी मंडळी आधी तिच्या प्रकृतीची चौकशी करतात आणि मग नोकरीची. या काळजीत ममता आहे हे खरे, पण तिच्या बुडाशी ज्या समजुती आहेत त्यांतल्या कित्येक वस्तुस्थितीला धरून नाहीत. आणि धंदा काढू पाहणाऱ्याच्या समजुतीही तितक्याच कच्च्या असतात. दोहोंचा परामर्श घेताना एक लहानसे उदाहरण समोर ठेवू: पापड-पोहे बनवणाऱ्या बचत गटाला पिशवीवरचे लेबल मोबाइलवर स्वतः तयार करता यावे, एवढेच काम करून देणारे सॉफ्टवेअर.

गैरसमज १: असला धंदा पुण्या-मुंबईतच चालतो.

वस्तुस्थिती: सॉफ्टवेअर ज्या यंत्रांवर चालते ती यंत्रे पुण्यातल्या धंदेवाल्याच्याही कचेरीत नसतात; ती मासिक भाड्याने घेतलेली असतात, आणि ॲमेझॉनने आपली अशी केंद्रे मुंबई परिसरात २०१६ साली सुरू केल्यापासून तर ती आपल्या दाराशीच आली आहेत. झोहो या मोठ्या भारतीय कंपनीने २०११ साली तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या एका खेड्यात कचेरी थाटली आणि तेथल्याच मुलांना हाताशी धरून जगभर वापरली जाणारी सॉफ्टवेअरे घडवली. रामवाडीची खरी अडचण अंतराची नसून पावसाळ्याची आहे: आषाढात वीज गेली की तिच्या मागोमाग इंटरनेटही जाते. त्यावरचा उपाय क्षुल्लक वाटावा इतका साधा आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या, एक इन्व्हर्टर, आणि जी वेळ पाळता येईल तेवढ्याच वेळेचे ग्राहकाला वचन.

गैरसमज २: बड्या कंपन्या फुकट देतात, तेथे आपल्याला कोण विचारतो?

वस्तुस्थिती: आज ज्याचे नाव प्रथम तोंडी येते त्या कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइन-साधनाच्या संस्थापकांनी आरंभ केला तो ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, २००७ साली, शाळांना आपली वार्षिके ऑनलाइन मांडता यावीत एवढ्याच मर्यादित कामापासून; कॅनव्हा उभे राहिले ते २०१३ साली. लहान माणसाने अरुंद काम निवडावे, हा त्यातला बोध आहे. सर्वांसाठी बनवलेल्या साधनात सुंदर नमुने हजारांनी मिळतील. परंतु खाद्यपदार्थाच्या पिशवीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, घटकपदार्थ, तयार केल्याची तारीख, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क हे सारे आले आहे की नाही, आणि क्रमांकात चुकून १३ च अंक पडले आहेत काय, हे तपासून छपाईपूर्वी अडवणारे साधन बचत गटाला अधिक मोलाचे वाटते, कारण एकदा छापून आलेल्या पिशव्या परत कोणी घेत नाही.

गैरसमज ३: मुक्त सॉफ्टवेअर वापरले, तर मोबदला घेता येत नाही.

वस्तुस्थिती: मुक्त सॉफ्टवेअरचा सर्वांत प्रसिद्ध परवाना जो जीपीएल, तो विक्रीला मुळीच मज्जाव करत नाही; प्रत देताना तिची मूळ आज्ञावलीही द्यावी आणि घेणाऱ्याला तेच हक्क राहू द्यावेत, एवढीच त्याची अट आहे. ब्लेंडर हे त्रिमितीय रचनेचे सॉफ्टवेअर २००२ साली मालक कंपनी बंद पडल्यावर नामशेष व्हायचे, पण चाहत्यांनी सुमारे सात आठवड्यांत १ लाख युरो उभे करून ते विकत घेतले आणि मुक्त केले. ते आज चित्रपटसृष्टीतही वापरले जाते, आणि त्याभोवती शिकवणी, साहाय्य व जोडसामग्री यांवर कितीतरी लोक पोट भरतात. अक्षरांचीही तीच गोष्ट: मुंबईच्या एक टाइप या संस्थेची मुक्त आणि बलू ही देवनागरी अक्षरवळणे खुल्या परवान्याखाली आहेत, ती आपल्या सॉफ्टवेअरसोबत देता येतात, मात्र नुसती अक्षरवळणे सुटी विकता येत नाहीत. परवाना वाचण्याचा आळस तेवढा महागात पडतो.

गैरसमज ४: सॉफ्टवेअर तयार झाले की काम संपले, फोन काय, कोणीही घेईल.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण याच्या नेमके उलट आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करीत असत. व्हायरसने बिघडलेली यंत्रे वारंवार दुरुस्तीला येऊ लागली, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उताऱ्याची आज्ञावली लिहिली, आणि त्यातून जी क्विक हील कंपनी झाली तिचे समभाग फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात आले. म्हणजे दुरुस्तीचे गाऱ्हाणे आधी ऐकले गेले आणि सॉफ्टवेअर मागाहून जन्माला आले.

आपल्या लेबलाच्या उदाहरणात गाऱ्हाणे कसे येईल ते पाहा. फोन येतो: 'अक्षरं फुटली.' पडद्यावर 'मिऱ्यांचा पापड' नीट दिसत असतो, पण छापखान्याकडे गेलेल्या पीडीएफमध्ये 'ऱ्या' तुटून पाय मोडलेला 'र' आणि 'या' सुटे पडलेले असतात आणि 'किंमत'मधली वेलांटी 'क'च्या पलीकडे जाऊन बसलेली असते. याचे कारण असे की, देवनागरीत उच्चाराच्या क्रमाने साठवलेली चिन्हे दाखवताना त्यांची जागा आणि आकार बदलावे लागतात, आणि पीडीएफ बनवणारी पुष्कळशी साधने ही पायरीच गाळतात. कधी दोष निराळाच असतो: मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरवळणातून उचललेला असतो, आणि ते अक्षरवळण काढून घेताच शब्दांच्या जागी निरर्थक चिन्हे उरतात. मदत करणाऱ्याने 'पुन्हा करून पाहा' असे सांगणे व्यर्थ आहे. मजकूर कोठून उचलला, कोणत्या मोबाइलवर लिहिला, हे विचारून, पडद्याचे चित्र मागवून, तो दोष सॉफ्टवेअरमध्येच दुरुस्त केला पाहिजे.

याचा हिशेबही मांडून पाहावा. वार्षिक वर्गणी ६०० रुपये आणि ग्राहक २०० धरले, तर उत्पन्न १,२०,००० रुपये. प्रत्येकाचे वर्षात चार फोन आणि प्रत्येक फोनला २० मिनिटे धरली, तर १६,००० मिनिटे, म्हणजे सुमारे २६७ तास बोलण्यातच जातात. एका दुरुस्तीने प्रत्येकाचा एकेक फोन वाचला, तर ६७ तास हाती उरतात. म्हणून तक्रारवही ही या धंद्याची खरी खातेवही होय. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकारी नेमून ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा, असा दंडक आहे. एकट्याच्या धंद्यात हा अधिकारी आपणच, हे ओघाने आले.

गैरसमज ५: पैसे मोजून करून घेतले, म्हणजे ते आपलेच झाले.

वस्तुस्थिती: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली साहित्यकृतीत मोडते. पगारी नोकराने नोकरीच्या कामात लिहिलेली आज्ञावली, उलट करार नसेल तर, मालकाची असते. परंतु बाहेरच्या माणसाकडून ठरावीक रकमेत लिहून घेतलेली आज्ञावली सामान्यतः लिहिणाऱ्याचीच राहते, जोवर तो सहीनिशी लेखी हस्तांतर करून देत नाही. त्या दस्तऐवजात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. तेव्हा मित्राच्या मुलाकडून काम करून घेतानाही करारनामा करावा. त्याने मैत्री टिकते. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क कृतीबरोबरच उत्पन्न होतो. नोंदणीने पुरावा तेवढा बळकट होतो. पेटंटच्या मागे मात्र लागू नये, कारण निव्वळ संगणक-आज्ञावलीला आपला कायदा पेटंट देत नाही.

गैरसमज ६: आधी कंपनी, जीएसटी आणि दहा दाखले, मग धंदा.

वस्तुस्थिती: एकट्याच्या मालकीचा धंदा स्वतःच्या पॅनवर सुरू करता येतो. नोकर थोडेच असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची होत नाही, आणि ग्राहक परराज्यातला आहे एवढ्याच कारणाने ती सक्तीची होण्याचा पेचही ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने सेवांपुरता सोडवला आहे. उद्यम नोंदणी तर सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ स्वतःची फी मागत असतो. ही नोंदणी उपयोगी पडते ती वसुलीला: रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याचे काम केले, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत रक्कम देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते.

गैरसमज ७: वर्गणी एकदा लावली की पैसे आपोआप येत राहतात.

वस्तुस्थिती: ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून वारंवार कापल्या जाणाऱ्या रकमेची पूर्वसूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी मिळावी लागते, आणि तो ती मंजुरी केव्हाही मागे घेऊ शकतो; सर्वसाधारण वर्गणीच्या बाबतीत जून २०२२ पासून १५,००० रुपयांवरच्या प्रत्येक रकमेला पुन्हा ओटीपी लागतो. म्हणजे दर वेळी ग्राहकाच्या मनात 'हे आपण वापरतो का?' हा प्रश्न कायदाच जागा करतो, आणि त्याचे उत्तर जाहिरातीने देता येत नाही. गेल्या वर्षी फुटलेली अक्षरे कोणी त्याच दिवशी जोडून दिली होती, एवढे त्याला आठवले तर वर्गणी चालू राहते.

सारांश, या धंद्याला भांडवल थोडे आणि चिकाटी फार लागते. ज्याला तो काढावयाचा आहे त्याने संकेतस्थळाच्या रंगरूपावर पहिला महिना दवडण्यापेक्षा पेण-रोह्यातल्या पाच-सहा बचत गटांची, मूर्तींच्या कारखान्यांची आणि छापखान्यांची पायरी चढावी, कोणते काम त्यांना दरवर्षी त्याच जागी अडवते ते विचारावे, आणि त्यांतले एकच निवडावे. ज्याची तक्रार आधी ऐकली, तोच बहुधा पहिला ग्राहक होतो.