समुद्राच्या मोजणीची रोजकीर्द

शाळेच्या भिंतीवरील नकाशात समुद्र निळ्या रंगाच्या पाच-सहा छटांनी भरलेला असतो. किनाऱ्याजवळ फिकट, आत गडद. ती रंगसंगती पाहिली की सारा समुद्रतळ कोणीतरी मोजून काढला आहे अशी समजूत होते. वस्तुस्थिती फार वेगळी आहे. समुद्रतळाचे नकाशे तयार करणारा 'जेबको' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम आणि जपानचे निप्पॉन फाउंडेशन यांनी २०१७ मध्ये 'सीबेड २०३०' हा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा जगातील समुद्रतळाचा अवघा ६ टक्के भाग आधुनिक पद्धतीने मोजलेला होता. जून २०२५ पर्यंत हे प्रमाण २७.३ टक्क्यांवर आले. उरलेल्या भागातील निळा रंग हा मुख्यतः उपग्रहांच्या निरीक्षणांवरून बांधलेला अंदाज असतो. त्याला अधूनमधून जुन्या, तुरळक मोजमापांचा आधार असतो. मोजमाप आणि अंदाज दोन्ही एकाच रंगाने रंगविले जातात आणि वाचकाला त्यांतील फरक कळत नाही.

हा फरक उघड करणारी एक साधी गोष्ट आहे: सर्वेक्षण नौका ज्या वाटेने गेली त्या वाटेची रेषा. व्यापाऱ्याच्या ताळेबंदामागे जशी रोजकीर्द असते, तशी प्रत्येक सागरी नकाशामागे अशा मार्गरेषांची एक रोजकीर्द असते. ताळेबंद सर्वांना दाखवायचा आणि रोजकीर्द कपाटात ठेवायची, ही रीत सार्वजनिक पैशाच्या व्यवहारात चालत नाही. समुद्राच्या मोजणीत मात्र ती बऱ्याच अंशी चालत आली आहे.

दोन वह्यांचा मेळ

पूर्वी शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजत आणि किनाऱ्यावरील खुणांशी कोन साधून नौकेचे स्थान ठरवीत. आता स्थान उपग्रहांच्या जीपीएस यंत्रणेवरून कळते. खोली इको साउंडर सांगतो. हे यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि तळावर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीला किती वेळ लागला ते नोंदते. ध्वनी समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो; त्यावरून खोलीचे गणित होते.

ही दोन यंत्रे म्हणजे दोन स्वतंत्र वह्याच होत. एकीत वेळ व स्थान, दुसरीत वेळ व खोली. संगणकाचे पहिले काम वेळेच्या आधारे त्यांचा मेळ घालण्याचे असते. येथे घड्याळात एका सेकंदाची तफावत राहिली, तरी ताशी १० सागरी मैल वेगाने जाणाऱ्या नौकेचे प्रत्येक मोजमाप सुमारे ५ मीटर पुढे-मागे सरकते. नंतर भरती-ओहोटीची वजावट करावी लागते. यंत्राचे तोंड पाण्याच्या पातळीखाली किती आहे, ते जमेस धरावे लागते. पाण्याच्या तापमानाप्रमाणे व खारेपणाप्रमाणे ध्वनीचा वेग बदलतो. त्यात एक टक्क्याची चूक झाली, तर १०० मीटर खोलीत एक मीटरचा फरक पडतो.

हे सारे झाल्यावर संगणकाच्या पडद्यावर रेषा उमटतात. सर्वेक्षणाच्या मुख्य रेषा एकमेकींना समांतर असतात आणि त्यांना छेदणाऱ्या काही आडव्या रेषा मुद्दाम घेतल्या जातात. जेथे दोन रेषा छेदतात, तेथे दोन वेगळ्या वेळी मोजलेली खोली जुळली पाहिजे. जुळली नाही, तर भरतीच्या हिशेबात, घड्याळात किंवा यंत्रात काहीतरी बिघडले आहे. जमा-खर्चाच्या दुहेरी नोंदीसारखी ही तपासणी आहे. रंगविलेल्या अंतिम नकाशावरून ती करता येत नाही. मार्गरेषा व त्यांवरील मूळ आकडे हाती असतील तरच करता येते.

न मोजलेल्या जागेची किंमत

७ ऑगस्ट १९९२ रोजी 'क्वीन एलिझाबेथ २' हे प्रचंड प्रवासी जहाज अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ खडकावर घासले. नकाशावर त्या भागात ३९ फूट खोली दाखविली होती आणि जहाजाला सुमारे ३२ फूट पाणी लागत होते. आकडे पाहता धोका नव्हता. परंतु नकाशाचा आधार १९३९ सालचे सर्वेक्षण होता आणि त्या सर्वेक्षणात हे खडक निसटले होते. शिवाय उथळ पाण्यात वेगाने जाणारे जहाज नेहमीपेक्षा अधिक खाली बसते. प्राणहानी झाली नाही, एवढेच समाधान. छापलेला आकडा मोजलेल्या जागेपुरता खरा असतो. दोन मोजमापांच्या मधल्या जागेविषयी तो हमी देत नाही.

दुसरे उदाहरण हिंदी महासागराचे. ८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान नाहीसे झाले. दक्षिण हिंदी महासागरात शोध घ्यायचे ठरले, तेव्हा त्या विस्तीर्ण भागापैकी जेमतेम ५ टक्के तळाची खोली जहाजांनी मोजलेली आढळली. विमान शोधण्यापूर्वी तळाचे नकाशे काढण्यातच महिने गेले. १,२०,००० चौरस किलोमीटर तळ धुंडाळून जानेवारी २०१७ मध्ये ही मोहीम थांबली. विमान सापडले नाही. मात्र ऑस्ट्रेलियाने त्या मोजणीची माहिती त्याच वर्षी जगाला खुली केली.

गाळाचे बिल

हा प्रश्न दूरच्या महासागरांपुरता नाही. मुंबई बंदर व न्हावा-शेवा यांच्या जलमार्गांत गाळ साचतो आणि तो काढावा लागतो. अशा कामाचे पैसे अनेकदा काढलेल्या गाळाच्या घनफळावर ठरतात आणि ते घनफळ कामाआधीच्या व नंतरच्या खोलीच्या फरकावरून काढतात. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात खोलीची सरासरी चूक १० सेंटिमीटरची झाली, तर हिशेबात १ लाख घनमीटर गाळाचा फरक पडतो. भरतीची वजावट थोडी चुकली, तरी एवढे घडू शकते. त्यासाठी कोणी अप्रामाणिक असण्याची गरज नाही. मार्गरेषा पुढे ठेवल्या, तर नौका कोठे गेली, कोठे गेलीच नाही आणि छेदाच्या ठिकाणी आकडे जुळतात की नाही, हे लेखापरीक्षकाला पाहता येईल.

ही तपासणी खर्चिक राहिलेली नाही. 'क्यूजीआयएस' हे नकाशांचे सॉफ्टवेअर आणि पॉल वेसल व वॉल्टर स्मिथ यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली 'जीएमटी' ही आज्ञावली विनामूल्य मिळतात. भूगोलाचा किंवा संख्याशास्त्राचा विद्यार्थी साध्या संगणकावर अशा रेषा काढू शकतो. उणीव साधनांची नसून त्यांत घालायच्या आकड्यांची आहे.

आक्षेप आणि मर्यादा

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला संरक्षणाचा. पाणबुड्यांच्या वाटा व नौदलाच्या तळांभोवतीची खोली जाहीर करावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांन्वये भारतीय संस्थांसाठी नकाशे व भूस्थानिक माहितीवरील पूर्वपरवानगीची अट काढली, तेव्हा गुप्तता हा अपवाद असावा, नियम नव्हे, हे तत्त्व मान्य केले गेले. संवेदनशील क्षेत्रे वगळून व्यापारी बंदरांच्या व खाड्यांच्या मोजणीला ते लागू करण्यास हरकत नसावी.

दुसरा आक्षेप मच्छीमाराचा. जीपीएस आणि खोली मोजणारे यंत्र आता अनेक यांत्रिकी नौकांवर असते. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचे अमेरिकेतील माहिती केंद्र सामान्य जहाजांच्या अशा नोंदीही स्वीकारते. पण तांडेलाच्या दृष्टीने नौकेची वाट म्हणजे मासळीचे ठिकाण, आणि ते ठिकाण हे त्याचे भांडवल. त्याने ते फुकट द्यावे, ही अपेक्षा अन्यायाची होईल. त्याचे नाव व वेळ काढून टाकणे, नोंद उशिरा प्रसिद्ध करणे आणि योग्य मोबदला देणे हे त्यावरचे उपाय होत.

एकदा मोजलेली खोली एका जहाजाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. अर्थशास्त्रात जिला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे हे उत्तम उदाहरण आहे. मोजण्याचा खर्च जनतेने एकदा केला आहे. तीच माहिती कुलपात ठेवून पुन्हा मोजण्याचा खर्च करणे ही उधळपट्टी होय. म्हणून सार्वजनिक पैशाने झालेल्या प्रत्येक बंदर-सर्वेक्षणाबरोबर त्याच्या मार्गरेषा व मूळ आकडेही प्रसिद्ध करण्याची अट कंत्राटातच असली पाहिजे. नकाशावरील जी जागा मोजलेली नाही ती कोरी दिसण्यात कमीपणा नाही. निळ्या रंगाखाली ती झाकण्यात मात्र धोका आहे.