निरोप सांभाळणारी साखर

मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी, असे आपण वर्गात शिकवतो. एका मूत्रपिंडात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात. त्या तयार कशा होतात, हे मात्र सहसा सांगायचे राहून जाते.

माणसाच्या गर्भात पाचव्या आठवड्याच्या सुमारास एका नळीला अंकुर फुटतो. तो शेजारच्या सैलसर पेशींच्या पुंजक्यात शिरतो आणि झाडासारख्या फांद्या फोडत जातो. फांद्यांच्या टोकांशी पुंजक्यातल्या पेशी एकत्र येऊन नेफ्रॉन घडवतात. 1950 च्या दशकात क्लिफर्ड ग्रोब्स्टाइन यांनी उंदराच्या गर्भातील हे दोन भाग वेगळे करून काचपात्रात ठेवले. दोन्हींचा विकास थांबला. एकत्र ठेवताच तो पुन्हा सुरू झाला. याचा अर्थ, त्यांच्यात निरोपांची देवाणघेवाण चालते.

त्यातला एक महत्त्वाचा निरोप आता आपल्याला माहीत आहे. पुंजक्यातल्या पेशी जीडीएनएफ नावाचे वाढघटक प्रथिन स्रवतात. अंकुराच्या पेशींवर रेट नावाचे ग्राहक प्रथिन असते. जीडीएनएफ आले की रेट व त्याचा जोडीदार मिळून पेशीला आत सूचना देतात: वाढ, फांदी फोड.

एवढ्याने काम भागते का? नाही. पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिनांना हेपरान सल्फेट या शर्करेच्या लांब साखळ्या जोडलेल्या असतात. त्यांवरील सल्फेट गटांवर ऋण विद्युतभार असतो, तर जीडीएनएफच्या काही भागांवर धन. विजातीय भार एकमेकांना ओढतात, हे आपण जाणतोच. त्यामुळे जीडीएनएफ पेशीजवळ धरून ठेवले जाते. प्रयोगशाळेत या साखळ्या काढून टाकल्या, तेव्हा जीडीएनएफ असूनही रेट जागे झाले नाही.

1998 साली याहून नेमका पुरावा मिळाला. साखळीवर एका ठरावीक जागी सल्फेट बसवणारे विकर ज्यांच्यात नव्हते, अशा उंदरांच्या गर्भात अंकुर फुटला, पण त्याला फांद्या आल्या नाहीत. पिल्ले मूत्रपिंडांविना जन्मली आणि लगेच मेली. साखळ्या होत्या, एका जागचे सल्फेट तेवढे नव्हते!

माणसात नवे नेफ्रॉन घडणे गर्भाच्या 36 व्या आठवड्याच्या आसपास थांबते. पुढे एकही नवा मिळत नाही. आयुष्यभराची ही शिदोरी गर्भातच बांधली जाते. साखर म्हणजे फक्त ऊर्जा, असे वर्गात सांगताना आपण हे उदाहरणही जरूर द्यावे.